पाच रिमोटांचं होम थिएटर एका रिमोटवर कसं आणायचं

होम थिएटर बसवलेल्या बहुतेक घरांत ते पूर्ण चालवता येणारा माणूस एकच असतो. तो कामावर गेला की बाकीच्यांचा टीव्ही अडतो. मी नाशिकमध्ये घरोघरी टीव्ही, साऊंडबार, रिसीव्हर (सगळ्या वस्तूंचं चित्र आणि आवाज घेऊन टीव्ही आणि स्पीकरना वाटून देणारा डबा), प्रोजेक्टर जोडून देते. त्याआधी वडिलांच्या दुकानात टीव्ही दुरुस्ती शिकले. मला येणाऱ्या फोनांपैकी बिघाडाचे फोन थोडेच. जास्त फोन असे: "ताई, चित्र दिसतंय पण आवाज नाही," "ताई, निळा पडदा आलाय, काय करू?" वस्तू सगळ्या ठणठणीत असतात. टीव्ही एका इनपुटवर गेलेला असतो आणि रिसीव्हर दुसऱ्या, एवढंच. पण ते सरळ करायला कोणता रिमोट उचलायचा हे घरात बसलेल्या सासूबाईंना किंवा आठवीतल्या मुलीला कोणी सांगितलेलं नसतं.

यावर लोक थेट युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे सगळ्या वस्तू चालवणारा एकच रिमोट, मागवतात. माझ्या मते ती शेवटची पायरी आहे. आधीची कामं नीट झाली नाहीत तर टीपॉयवर पाच रिमोट होते तिथे सहा होतात.

आधी कागद

कागदावर वस्तूंची यादी करू नका. घरात काय काय बघितलं जातं त्याची यादी करा. उदाहरण म्हणून गंगापूर रोडच्या एका घरातली जोडणी घेते. तिथे एलजीचा टीव्ही, डेनॉनचा एव्ही रिसीव्हर, डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, फायर टीव्ही स्टिक, सोनीचा ब्लू-रे प्लेअर आणि नातवाचा प्लेस्टेशन ५ आहे. वस्तू सहा, पण कामं चारच: आजोबांच्या बातम्या आणि आजींचं कीर्तन, रात्रीचा सिनेमा किंवा मालिका, नातवाचा गेम, आणि अधूनमधून एखादी डिस्क. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहायच्या. चित्र कुठून येतं, आवाज कुठून निघतो, आणि ते बघताना हाताला कोणती बटणं लागतात. बातम्यांना आकडे, चॅनल वर-खाली आणि आवाज लागतो. सिनेमाला चार बाण, ओके, मागे, थांबवा आणि आवाज. यापलीकडची बटणं वर्षातून एकदा लागतात, त्यांच्यासाठी मूळ रिमोट कपाटात असतोच.

आता त्याच कागदावर, खाली, तीन प्रश्न लिहा. चालू-बंद कोण करणार? इनपुट कोण बदलणार? आवाज कमी-जास्त कोण करणार? प्रत्येक प्रश्नापुढे एकच नाव लिहायचं. एका कामाला एकच मालक. हे मी प्रत्येक घरात ठासून सांगते, कारण होम थिएटरचे बरेचसे घोळ एकच काम दोघं करायला गेल्यामुळे होतात. टीव्हीने रिसीव्हरला जागं केलं आणि दोन सेकंदांनी रिमोटनेही पॉवरचा इशारा पाठवला, तर जागा झालेला रिसीव्हर लगेच बंद पडतो. ग्राहकाला वाटतं वस्तू खराब आहे. प्रत्यक्षात दोघांनी आपापलं काम चोख केलेलं असतं.

जोडणी सरळ करा

रिसीव्हर असेल तर सगळ्या वस्तू त्याच्या मागच्या एचडीएमआय इनपुटमध्ये घालायच्या आणि त्याच्याकडून एकच वायर टीव्हीकडे न्यायची. टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेलं असेल, त्याच पोर्टमध्ये. मग टीव्हीचं इनपुट कधीच बदलावं लागत नाही. तो कायम त्या एका पोर्टवर राहतो आणि अर्धा गुंता तिथेच संपतो. साऊंडबार असेल तर मामला उलटा: वस्तू टीव्हीला जोडायच्या आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून साऊंडबारला वायर न्यायची.

एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं. टीव्हीतला आवाज त्याच वायरीतून उलटा साऊंडबारकडे किंवा रिसीव्हरकडे पाठवायची ही सोय आहे. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मध्ये आलेलं ई-एआरसी म्हणजे तीच सोय, जास्त रुंद रस्ता करून दिलेली. पुष्कळ घरांत अजून ऑप्टिकल वायर दिसते. तिच्यातून आवाज उत्तम जातो, पण फक्त आवाज. टीव्हीच्या रिमोटने साऊंडबारचा आवाज वाढवायचा असेल तर तो निरोप ऑप्टिकलमधून जात नाही. दोन्ही वस्तूंना एआरसी असताना ऑप्टिकल लावून ठेवणं म्हणजे एक रिमोट उगाच सांभाळणं.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे स्वतःचे स्पीकर बंद करा. त्याखेरीज आवाजाला एकच मालक मिळत नाही. आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून नाव लिहा. दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिट पुढे ओढलं जातं, वायरी निघतात, आणि परत लावताना बॉक्सची वायर ब्लू-रेच्या जागी जाते. रिमोटमधली सगळी मांडणी त्या पोर्टांवर उभी असते.

फुकटात किती रिमोट जातात ते बघा

एचडीएमआयच्या वायरीत तेराव्या पिनेवर सीईसी नावाची एक तार असते. तिच्यावरून वस्तू एकमेकींना निरोप देतात: मी चालू झाले, मला पडद्यावर घ्या, आवाज वाढवा, झोपा. ही सोय बहुतेक टीव्हींत असते, पण प्रत्येक कंपनीने तिला आपलं वेगळं नाव दिलंय, म्हणून ती लोकांना सापडत नाही. सॅमसंगमध्ये ती एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकमध्ये व्हिएरा लिंक आणि फिलिप्समध्ये ईझीलिंक. डेनॉनच्या रिसीव्हरमध्ये सेटअप, व्हिडिओ, एचडीएमआय सेटअप असं गेलं की एचडीएमआय कंट्रोल सापडतं. फायर टीव्हीत डिस्प्ले अँड साउंड्सखाली. प्लेस्टेशन ५ मध्ये सिस्टीमखालच्या एचडीएमआयमध्ये, एचडीएमआय डिव्हाइस लिंक या नावाने.

आधी फक्त टीव्ही आणि आवाजाची वस्तू या दोघांवर सीईसी चालू करा. टीव्ही बंद करून पुन्हा लावा. रिसीव्हर मागोमाग जागा झाला आणि टीव्हीच्या रिमोटने त्याचा आवाज बदलला, तर एक रिमोट गेला. मग एकेक वस्तू वाढवत जा, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस घरच्यांना वापरू द्या. सगळ्यांवर एकदम चालू केलंत तर नंतर कुरापत कोणाची ते शोधता येत नाही.

एखादी वस्तू आगाऊ असते. बातम्या चालू असताना मध्येच जागी होते आणि पडदा स्वतःकडे ओढते. तिचं सीईसी तेवढं बंद करा. गंगापूर रोडच्या घरात मी प्लेस्टेशनचं चालू ठेवलं, कारण नातवाने हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्ही, रिसीव्हर, इनपुट सगळं आपोआप जागेवर येतं. त्याला रिमोट लागतच नाही. नाहीतरी प्लेस्टेशन ५ ला इन्फ्रारेड, म्हणजे साध्या रिमोटमधून निघणारा डोळ्यांना न दिसणारा उजेड, समजत नाही, त्यामुळे साध्या युनिव्हर्सल रिमोटने तो चालला नसता. फायर स्टिकचं मात्र बंद केलं.

टीव्ही, साऊंडबार आणि फायर स्टिक एवढंच असेल तर इथेच थांबा, काही विकत घेऊ नका. आवाजाची बटणं असलेल्या फायर टीव्ही रिमोटमध्ये इन्फ्रारेडही असतं. सेटिंगमधल्या इक्विपमेंट कंट्रोलमध्ये टीव्ही आणि साऊंडबार सांगितला की त्या एकाच रिमोटवर चालू-बंद आणि आवाज येतो. काही डीटीएच रिमोटांवरही टीव्हीसाठी चार-पाच वेगळी बटणं असतात आणि ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकतात. अनेक घरांत ती बटणं वर्षानुवर्षं कोरी पडलेली मी बघते.

मग युनिव्हर्सल रिमोट लागतो कुठे? माझ्या अनुभवात मुख्यतः सेट-टॉप बॉक्समुळे. घरात सगळ्यात जास्त तोच बघितला जातो, आणि सीईसीची भाषा बहुतेक वेळा त्यालाच येत नाही. रिसीव्हरला "आता बॉक्स दाखव" हे सांगणारं कोणी नसतं. जुना रिसीव्हर, प्रोजेक्टर किंवा एसी असेल तरी लागतो.

तुमच्या वस्तू कोणती भाषा बोलतात

रिमोट विकत घेण्याआधी ही एक तपासणी कराच. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. टोकाशी जांभळट-पांढरा उजेड लुकलुकला तर तो रिमोट इन्फ्रारेडवर चालतो. मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा हा उजेड गाळणारी काच असते, म्हणून पुढचा वापरायचा. एकच बटण दाबून थांबू नका. काही रिमोटांत पॉवर आणि आवाज इन्फ्रारेडवर असतो आणि बाण, ओके, होम ही बटणं ब्ल्यूटूथवर. फायर स्टिक स्वतः ब्ल्यूटूथवर चालते. अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्सही बहुतेक तसेच.

प्रत्येक वस्तूपुढे लिहून ठेवा: इन्फ्रारेड, ब्ल्यूटूथ, की दोन्ही. ब्ल्यूटूथची एक जरी वस्तू असेल तर बाजारातला दोन-तीनशे रुपयांचा लर्निंग रिमोट, म्हणजे मूळ रिमोटकडून बटणं शिकणारा रिमोट, तिला चालवू शकणार नाही, कारण तो फक्त इन्फ्रारेड शिकतो. एवढं माहीत असेल तर खरेदीतला सगळ्यात नेहमीचा पश्चात्ताप टळतो.

काय घ्यायचं

या क्षेत्रात बरीच वर्षं लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटांचं नाव होतं. "सिनेमा बघा" असं एक बटण दाबलं की चार वस्तू योग्य क्रमाने लागायच्या. वस्तूंऐवजी कामाचा विचार करायची सवय त्यांनीच लावली. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. जुना माल कुठे मिळाला तरी नव्या घरात मी ते सुचवत नाही.

आज मी तीन प्रकारांत विचार करते. सगळ्या वस्तू इन्फ्रारेडच्या, समोर उघड्यावर ठेवलेल्या आणि संख्येने तीन असतील तर साधा लर्निंग रिमोट पुरतो. तो स्वस्त असतो, त्याला ॲप लागत नाही, आणि हरवला तर दुसरा शिकवता येतो. हा प्रकार कमी लेखू नका. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मी पहिला विचार याचाच करते.

दुसरा प्रकार म्हणजे इन्फ्रारेड आणि ब्ल्यूटूथ दोन्ही असलेला बटणांचा स्मार्ट रिमोट. सोफाबॅटनचे यू मालिकेतले रिमोट या वर्गातले. ॲपमधून वस्तू निवडायच्या, बटणं बसवायची आणि मग मोबाइल बाजूला ठेवायचा. यात एक अडचण विक्रेते सांगत नाहीत. एका बटणावर पाच आज्ञांची रांग लावली आणि ती पूर्ण व्हायला पंधरा सेकंद लागत असतील, तर पंधरा सेकंद रिमोट टीव्हीकडे रोखून धरावा लागतो. माणूस बटण दाबतो आणि रिमोट मांडीवर ठेवतो. मधली एक आज्ञा हवेत जाते.

म्हणून तिसरा प्रकार: हब असलेला रिमोट. हातातला रिमोट हबला निरोप देतो आणि टीव्हीपाशी बसलेला हब सगळ्यांना आज्ञा देतो. रिमोट पांघरुणाखाली असला तरी चालतं. वस्तू बंद दाराच्या युनिटमध्ये असतील, किंवा आज्ञांची रांग लांब असेल, तर हबच घ्या. सोफाबॅटनचा एक्स१ असा आहे.

ब्रॉडलिंकच्या आरएम४ मिनीसारखे, इन्फ्रारेड आज्ञा सोडणारे डबीएवढे ब्लास्टर आणखी स्वस्त पडतात. मोबाइलवरून किंवा अलेक्साला बोलून वस्तू चालतात. हात कापतात किंवा नजर कमी झालीये अशा माणसासाठी आवाजाची आज्ञा हा खरा आधार आहे, आणि तिथे मी तो आवर्जून लावते. पण घराचा एकमेव रिमोट म्हणून मोबाइल मला पटत नाही. मोबाइल ज्याचा त्याच्याबरोबर घराबाहेर जातो. घरी असला तरी आधी लॉक उघडा, ॲप शोधा, आणि तेवढ्यात फोन येतो. अंधारात बोटाने चाचपून दाबता येईल असं रबरी बटण काचेवर मिळत नाही. आरएम४ मिनी फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो, त्यामुळे राऊटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडताना २.४ चं नाव वेगळं करून घ्या.

आज्ञा बसवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण रिमोट भरवशाचा होणार की नाही ते इथेच ठरतं.

बहुतेक रिमोटांवर पॉवरचं बटण एकच असतं. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. माणसाला ते सोयीचं, कारण तो बघून दाबतो. रिमोटला दिसत नाही. त्यामुळे "सगळं बंद" या रांगेत ते बटण घातलं आणि एखादी वस्तू आधीच बंद असेल, तर ती चालू होऊन बसते. यावर उपाय वेगळ्या आज्ञांचा. अनेक टीव्ही आणि रिसीव्हर "चालूच हो" आणि "बंदच हो" अशा दोन स्वतंत्र आज्ञा ओळखतात, मूळ रिमोटवर तशी बटणं नसली तरीही. ॲपच्या यादीत पॉवर ऑन आणि पॉवर ऑफ वेगवेगळे दिसले तर तेच घ्या. इनपुटचंही तसंच. "सोर्स" दाबून दोनदा खाली जा असली आज्ञा कधी लावू नका. एखादी वस्तू नवीन दिसली की यादी सरकते. थेट "एचडीएमआय १" किंवा रिसीव्हरवरचं थेट "सॅटेलाइट" (सेट-टॉप बॉक्सचं इनपुट) असं बटण शोधा.

वेगळ्या आज्ञा नसतील तर एक जुनी युक्ती आहे. पुष्कळ वस्तू इनपुटचं किंवा आकड्याचं बटण दाबल्यावरही जाग्या होतात. "बंद" रांगेत आधी ते बटण पाठवायचं, वस्तू पूर्ण जागी होईल इतकं थांबायचं, आणि मग पॉवर. आधी कोणत्याही स्थितीत असली तरी ती शेवटी बंदच होते. प्रोजेक्टरचं वेगळं असतं: बहुतेकांना बंद करायला पॉवर दोनदा दाबावं लागतं, कारण ते "नक्की?" म्हणून विचारतात. दोन आज्ञांमध्ये सेकंदभर अंतर ठेवा, आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू देऊ नका.

सेट-टॉप बॉक्सला मी पॉवरच्या रांगेत घेतच नाही. तो चालूच ठेवते. दहा वॉट धरले तरी महिन्याला साधारण सात युनिट होतात, आणि पुष्कळ बॉक्स स्टँडबायमध्येही वीज खातातच. त्या बदल्यात बॉक्स उलटसुलट होण्याची भानगड संपते. ज्यांना वीज वाचवायची आहे त्यांनी रात्री भिंतीवरचं बटण बंद करावं, पण मग सकाळी बॉक्स उठायला मिनिटभर तरी लागतो हे घरच्यांना सांगून ठेवावं.

थांबण्याचा वेळ उदारपणे द्या. टीव्ही दिसायला पाच सेकंदांत लागतो, पण आज्ञा ऐकायला आणखी वेळ घेतो. घड्याळ लावून बघा: चालू केल्यापासून किती सेकंदांनी तो इनपुटचं बटण मानतो? त्यात तीन सेकंद मिळवा. गंगापूर रोडच्या घरात "बातम्या" या बटणाची रांग शेवटी एवढीच झाली: टीव्हीला "चालूच हो", बारा सेकंद थांब, रिसीव्हरला "सॅटेलाइट". रिसीव्हरला जागं करायचं काम टीव्ही सीईसीवरून करतो, म्हणून रिमोटमधून रिसीव्हरची पॉवर मी मुद्दाम वगळली. "सिनेमा" म्हणजे तेच, फक्त शेवटी रिसीव्हरचं मीडिया प्लेअरचं इनपुट. "बंद" म्हणजे टीव्हीला "बंदच हो". बाकीचे त्याच्या मागे झोपतात. रांग जितकी छोटी तितकी चुकायला जागा कमी.

आवाजाचं बटण प्रत्येक कामात रिसीव्हरलाच बांधा. बॉक्सचा स्वतःचा आवाज मूळ रिमोटने एकदा पूर्ण वर नेऊन ठेवा आणि विसरून जा.

ॲपच्या यादीत तुमचं मॉडेल नसेल तर मूळ रिमोटकडून शिकवावं लागतं. दोन्ही रिमोट टेबलावर, टोकाला टोक, दोन-चार सेंटिमीटर अंतराने ठेवा. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घाला. थेट ऊन किंवा सीएफएलचा उजेड पडत असेल तर जागा बदला, त्या उजेडात रिमोटने पाठवलेल्या खुणा बिघडतात. बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा. सोनीच्या वस्तूंचा एक हट्ट असतो, त्यांना तीच खूण लागोपाठ तीनदा मिळाल्याशिवाय त्या दाद देत नाहीत. शिकवलेलं बटण चालेना तर ॲपमध्ये पुनरावृत्ती तीन करा. फिलिप्सच्या पुष्कळ वस्तूंत प्रत्येक दाबण्यागणिक खुणेतला एक बिट बदलतो, म्हणजे वस्तूला कळतं की बटण दाबून धरलंय की पुन्हा दाबलंय. शिकवलेल्या बटणात तो बिट गोठून बसतो, आणि "चॅनल वर" एकदाच चालून थांबतं. तिथे शिकवण्याचा नाद सोडा आणि यादीतलाच कोड शोधा.

कपाटाच्या आत

इन्फ्रारेड साध्या काचेतून जातं, लाकडातून आणि सनमायकातून जात नाही. गडद काचेने जोर कमी होतो. बंद युनिट असेल तर हबला जोडायचे छोटे एमिटर मिळतात: पातळ वायर आणि टोकाला शेंगदाण्याएवढा दिवा. तो वस्तूच्या सेन्सरसमोर चिकटवायचा. सेन्सर नेमका कुठे आहे ते अंधारात टॉर्च मारून बघा, काळ्या पट्टीमागे गोल भिंग चमकतं. दुहेरी टेप लावण्याआधी ती जागा कोरड्या फडक्याने पुसा. युनिटमध्ये धूळ इतकी असते की टेप आठवड्यात सुटते. वस्तूंच्या मागे हवेला वाट आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या. रिसीव्हर खूप तापतो.

लाइट गेल्यावर

आपल्याकडे ही चाचणी टाळता येत नाही. सगळं बसल्यावर भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा, आणि मग "बातम्या" दाबा. काही टीव्ही लाइट आल्यावर आपोआप लागतात, काही झोपलेले राहतात. रिसीव्हर कदाचित तिसरंच काही करेल. स्वतंत्र चालू-बंद आज्ञा लावल्या असतील तर काही बिघडत नाही. फक्त टीव्ही या वेळी नेहमीपेक्षा फार सावकाश उठतो, म्हणून घरच्यांना एवढंच सांगायचं: लाइट जाऊन आली असेल तर पहिल्यांदा मिनिटभर थांबून बटण दाबा, आणि गोंधळ वाटला तर तेच बटण पुन्हा दाबा. पुन्हा दाबल्याने काहीही उलटं होणार नाही अशीच रांग असली पाहिजे. नसेल तर काम अपुरं आहे.

राऊटरची वायर काढूनही एकदा सगळं चालवून बघा. इंटरनेट बंद असताना बातम्याही लागत नसतील तर तो रिमोट घरासाठी नाही.

घरच्यांच्या हातात देताना

समजावून सांगू नका. रिमोट आजींच्या हातात द्या, "आजी, कीर्तन लावा बरं" म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे जातं ते बघा. त्या बारा सेकंदांत त्या अस्वस्थ होऊन दुसरं बटण दाबतात का? दाबत असतील तर पहिल्याच सेकंदाला काहीतरी दिसायला हवं, म्हणून टीव्हीची आज्ञा रांगेत सगळ्यात आधी. ज्या बटणांना काम नाही त्यांना ॲपमधून रिकामं करा, म्हणजे चुकून दाबली तरी काही होत नाही. "बातम्या" आणि "बंद" या दोन बटणांवर मी जाड नेलपॉलिशचा एकेक ठिपका देते. वाळला की तो बोटाला लागतो, चष्मा नसला तरी सापडतो. त्या घरातल्या आजींनी ठिपका चाचपून पहिल्याच दिवशी कीर्तन लावलं आणि मला म्हणाल्या, "अगं, आता मला संध्याकाळपर्यंत कोणाची वाट बघायला नको." या एका वाक्यासाठी मी हे काम करते.

मूळ रिमोट फेकू नका. सेल काढून एका डब्यात ठेवा. आत राहिलेले सेल गळतात आणि पत्र्या खातात. कधी सॉफ्टवेअर अपडेटनंतर सेटिंग बदलतं, तेव्हा तेच लागतात. कोणती वस्तू कोणत्या पोर्टमध्ये आणि कोणाचं सीईसी बंद आहे, हा कागद युनिटच्या दाराला आतून चिकटवा. ॲपचं खातं घरातल्या माणसाच्याच ई-मेलवर उघडा, जोडणी करणाऱ्याच्या नाही, आणि पासवर्ड त्याच कागदावर लिहा. जोडून देणारा माणूस मिळेनासा झाला की सगळी मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागलेली घरं मी पाहिली आहेत.

पुढे नवीन वस्तू घ्याल तेव्हा दुकानात तीन गोष्टी विचारा: रिमोट इन्फ्रारेड आहे की ब्ल्यूटूथ, सीईसी आहे का, आणि लाइट गेल्यावर ती स्वतःहून चालू होते की नाही. पहिली गोष्ट दुकानदाराला सांगता आली नाही तर खिशातला मोबाइल काढा आणि पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून तिथेच बघा.